गडाच्या मागच्या वाटेवरचा ओटा

माझ्या हातून आजवर पुष्कळ चुका झाल्या आणि त्यातल्या बहुतेकांचं खापर मी दुसऱ्याच्या डोक्यावर व्यवस्थित फोडलं. मुलीच्या लग्नात जेवण कमी पडलं ते आचाऱ्यामुळे. शाळेच्या सहलीची एसटी चुकली ती पोरांमुळे. एका चुकीला मात्र दुसरं डोकं सापडत नाही. ती आंबागडच्या टेकडीवर, मागच्या वाटेला, अर्ध्या चढावर सिमेंटने पक्की बसवलेली आहे आणि गड बघायला येणारे लोक तिच्यावर बसून फोटो काढतात.

मी भंडाऱ्याच्या एका शाळेत तीसेक वर्षं इतिहास शिकवला. इतिहासाच्या मास्तरला एक खोड लागते. समोर जुना दगड दिसला की त्याबद्दल बोलायचं. माहिती असली तर बोलायचं आणि नसली तर जरा जास्तच बोलायचं. वर्गात उलट विचारणारं कोणी नसतं, त्यामुळे ही खोड वयाबरोबर वाढत जाते. माझी बायको होती तोवर ती माझ्या बोलण्याच्या मध्येच "बरं, पुरे" म्हणायची. ती गेल्यावर मला आवरणारं घरात कोणी उरलं नाही.

आमच्या शाळेत एक शिपाई होते. माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. मी त्यांना भाऊ म्हणायचो, ते मला सर म्हणायचे. त्यांचं गाव आंबागड, घर गडाच्या अगदी पायथ्याशी. नोकरीसाठी भंडाऱ्यात एक खोली करून राहत आणि शनिवारी शाळा सुटली की तुमसरची गाडी धरत. तास संपल्याची घंटा द्यायला ते निघायचे तेव्हा वाटेत माझा वर्ग लागायचा. माझं बोलणं चालूच असायचं. भाऊ दाराशी उभे राहून ऐकायचे आणि घंटा दोन मिनिटं उशिरा व्हायची. यावरून मुख्याध्यापकांनी त्यांना एकदा चांगलंच झापलं. त्यांनी माझं नाव सांगितलं नाही. मला हे फार पुढे, दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

ते निवृत्त होऊन गावी गेले आणि वर्षभराने मीही मोकळा झालो. मग माझा नेम पडला. दर दोन आठवड्यांनी स्कूटर काढायची आणि सकाळीच आंबागड गाठायचं. भाऊ आणि मी गड चढायचो. समोरून आता पायऱ्या आहेत, पण आम्ही त्या वाटेला जात नसू. भाऊंच्या घरामागून, तलावाच्या पाळीवरून एक जुनी पायवाट निघते. सागवान, मोह, मध्येच बोरीची काटेरी झुडपं, आणि अर्ध्या चढावर एका येनाच्या झाडाखाली जरा सपाट वळण. त्या वळणावर दगडांचा एक ढीग होता. कमरेइतका उंच. वर लहानमोठे दगड, खाली मातीत रुतलेले जुने.

चढ सुरू व्हायच्या आधी भाऊ पाळीवरचा एक गोटा उचलायचे. तो हातात घेऊनच चढायचे. त्या वळणावर आले की ढिगावर ठेवायचे आणि पुढे चालू लागायचे. एरवी चढताना ते बोलत असत, शेतीचं, नातवांचं, शाळेतल्या जुन्या गमतींचं. ढिगापाशी मात्र गप्प. मी एकदोनदा विचारलं, "हे काय भाऊ?" त्यांनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं दम लागला असेल. वर गेल्यावर बुरूज, पाण्याचं टाकं, खालच्या धानाच्या बांध्या हे सगळं बघण्यात मी विचारायचं विसरायचो. खरं सांगायचं तर विसरायचो असंही नाही. बुरुजाबद्दल मला स्वतःला बोलायचं असायचं.

मुलगी इंग्लंडमध्ये असते. मोठ्या शहरात नाही, खेड्यातच म्हणावं अशा गावात. तिने मागच्या वर्षी मला चार महिने तिकडे बोलावून घेतलं. ती आणि जावई आठवडाभर कामावर जात आणि शनिवार-रविवार मला घेऊन बाहेर पडत. सुरुवातीला मी कुरकुर केली, की सुटीच्या दिवशी माणसाने घरी झोपावं. पुढे मलाच त्याचं वेड लागलं.

त्या देशात पायवाटा जपतात. लोकांच्या खासगी शेतातून वाट जाते आणि शेतकरी अडवत नाही, फक्त फाटक लावून घ्या म्हणतो. दगडी कुंपणं आडवी आली की त्यांवरून चढायला लाकडाच्या दोन फळ्या ठोकलेल्या. दर वळणावर पिवळा बाण. मेंढ्या आपल्याकडे बघतसुद्धा नाहीत. आम्ही एका मोडक्या किल्ल्यावर गेलो. किल्ला म्हणजे तीन भिंती आणि एक अर्धा बुरूज, आपल्या आंबागडच्या पासंगालाही पुरणार नाही. पण गवत कापलेलं, जागोजागी पाट्या, इथे स्वयंपाकघर होतं, इथे घोडे बांधत. मी प्रत्येक पाटी वाचली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही तर परीक्षेला बसल्यासारखं वाचून राहिले."

दोन गोष्टी तिथे माझ्या मनात ठसल्या. एक म्हणजे बाक. कुठेही चांगला देखावा दिसला की तिथे एक लाकडी बाक असायचा आणि त्याच्या पाठीवर पितळी पट्टी. अमक्याच्या स्मरणार्थ, त्याला ही जागा आवडायची. मेलेल्या माणसाच्या नावावर बसून लोक सँडविच खात होते आणि कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. मलाही दोन-तीन बाकांनंतर वाटेनासं झालं. दुसरी गोष्ट म्हणजे टेकड्यांच्या माथ्यावरचे दगडांचे ढीग. जावई म्हणाले, धुक्यात वाट चुकू नये म्हणून हे पूर्वीपासून घालतात, येणारा प्रत्येक जण एक दगड ठेवतो. मी एक दगड ठेवला. मुलीने फोटो काढला. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की भाऊ जे करतात ते हेच.

हा उजेड घेऊन मी परत आलो. पहिल्याच रविवारी आंबागड. भाऊंच्या अंगणात खाटेवर बसून मी त्यांना तास घेतल्यासारखं सगळं समजावून सांगितलं. वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या.

"तुमचा तो ढीग आहे ना भाऊ, तो वाट दाखवायसाठी आहे. जगभर अशी पद्धत आहे. धुक्यात वाट दिसत नाही, मग लोक दगड रचत जातात."

भाऊ म्हणाले, "आपल्याकडे एवढं कुठं येते जी धुकं?"

"पूर्वी येत असेल," मी म्हणालो.

वहिनींचं सूप थांबलं. त्यांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी मान जराशी हलवली, नको अशी. हे मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलं. त्यात काहीतरी आहे हे कळण्याइतका मी शहाणा होतो. विचारण्याइतका नव्हतो. चहा आला आणि मी मेंढ्यांकडे वळलो.

भंडाऱ्यात मी आठ-दहा निवृत्त लोकांना गोळा केलं. बँकेतले, पोस्टातले, एक पाटबंधारे खात्यातले. रविवारी सकाळी दोन गाड्या भरून आंबागड. सगळ्यांचे नवे बूट. मागच्या वाटेवर मी स्वतः ब्रशने दगडांवर पिवळे बाण काढले. ते काढायला कोणाची परवानगी लागते का हा प्रश्न मला पडला नाही. भाऊ पुढे चालत आणि मंडळींना झाडं दाखवत, हा धावडा, हा तेंदू, याच्या पानाची बिडी. ढिगापाशी आले की गोटा ठेवून गप्प पुढे. मंडळीही मग गोटे ठेवू लागली, मोठमोठ्याने बोलत, एकमेकांचे फोटो काढत. माझ्या इंग्लंडच्या गोष्टीमुळे त्यांना ते माहीत झालं होतं. भाऊ त्या वेळी पुढे निघून गेलेले असायचे.

त्या हिवाळ्यात भाऊंचे गुडघे फार धरायला लागले. वळणावर आले की ते एका झाडाला पाठ लावून उभे राहत, बसत नसत. मला वाटे, बसायला जागा नाही म्हणून. इंग्लंडचे बाक डोळ्यासमोर होतेच. इथे लाकडी बाक टिकणार नाही, वाळवी लागेल. पण दगडांचा ढीग तयार पडलेला आहे. तेच दगड रचून, सिमेंटमध्ये बसवून एक छानसा ओटा करता येईल. वाटेची खूणही राहील आणि भाऊंना बसायला जागाही होईल. हे सुचल्यावर मी स्वतःवरच इतका खूश झालो की दोन दिवस कोणाला काही बोललो नाही. भाऊंना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

संधी लगेच आली. भाऊंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि वहिनींसह ते विश्रांतीला लेकीकडे अड्याळला गेले, वीस-पंचवीस दिवसांसाठी. मी तुमसरहून एक गवंडी आणला. सिमेंट, पाणी, रेती सगळं खांद्यावर वर चढवलं गेलं. गवंडी हुशार होता. खालचे बारीक गोटे त्याने भरावात टाकले, मोठ्यांना हातोड्याने ठोकून एक एक सपाट चेहरा काढला आणि तीन दिवसांत कोपरे बरोबर असलेला ओटा उभा केला. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "सर, गावातली एक बाई येऊन गेली. इचारत होती, त्याहीले इचारलं काय म्हनून." मी म्हणालो, "गावात कोणतंही काम काढलं की कोणी ना कोणी आडवं येतंच. तू कर." मला ती बाई कोण, आणि 'त्याहीले' म्हणजे कोणाला, हे विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

भाऊ परत आल्यावरचा पहिला रविवार. डोळ्यांवर दवाखान्याचा काळा चष्मा. मी म्हटलं आज आराम करा, पण ते म्हणाले, "लय दिवस झाले जी, जाऊन येतो." पाळीवर नेहमीप्रमाणे त्यांनी गोटा उचलला. मी मनातल्या मनात हसत होतो. मंडळी आमच्या पुढे निघाली होती.

वळणावर आलो तेव्हा मंडळी ओट्यावर बसून चिवडा खात होती. पोस्टातले साहेब पाय हलवत होते. भाऊ थांबले. हातात गोटा होता. ते ओट्याकडे बघत होते की झाडाकडे, चष्म्यामुळे मला कळलं नाही. मी पुढे होऊन म्हणालो, "बसा ना भाऊ. तुमच्यासाठीच तं केला."

ते काही बोलले नाहीत. त्या जागेवर ते कधीच बोलत नसत, हेही मला तेव्हा आठवलं नाही. मी त्यांच्या दंडाला धरून ओट्याकडे नेऊ लागलो. त्यांनी हात हळूच सोडवून घेतला, वळले आणि खाली उतरायला लागले. बरंच खाली गेल्यावर, बोलायची मुभा असलेल्या ठिकाणी, त्यांनी मान वळवून सांगितलं, "गुडघा दुखून राहिला जी सर. तुमी जा वरती." गोटा त्यांच्या हातातच होता. मी मंडळींना म्हणालो, ऑपरेशनचा थकवा आहे. आणि आम्ही वर गेलो, बुरुजावर, आणि मी नेहमीसारखा बोललो.

पुढच्या दोन रविवारी भाऊ आले नाहीत. फोन केला तर वहिनींनी उचलला आणि "बरे नाईत" एवढंच म्हणाल्या. तिसऱ्या वेळी मी एकटाच गेलो, भंडाऱ्याहून मोसंबी घेऊन. भाऊ बांधीवर गेले होते. वहिनींनी खाट टाकली, पाणी दिलं आणि उभ्याच राहिल्या.

"सर, एक इचारू काय?"

"विचारा की."

"तुमाले कोनीच सांगतलं नोहोतं काय जी? ते माया सासऱ्याची जागा होये."

मला काहीच कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, न थांबता, खालच्या आवाजात. सासरे एका उन्हाळ्यात सकाळीच मोह वेचायला गेले होते. त्यांच्या घराची मोहाची झाडं त्या वळणाच्या वर आहेत. वाकून वेचत होते. "मांगून त्यानं धरलं," वहिनी म्हणाल्या. जंगलालगतची माणसं त्या जनावराचं नाव तोंडाने घेत नाहीत, मला हे तरी ठाऊक होतं. "गावातले लोक गेले त हाती लागला एक दुपट्टा अन् एका पायातला जोडा. जाळाले काईच भेटलं नाई. मंग त्या येनाखाली एक गोटा ठेवला. तिथूनच ओढत नेलं होतं." भाऊ तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यांची आई त्या दिवसापासून रोज एक गोटा नेऊन ठेवायची. म्हातारपणी चढणं होईना तेव्हा लेकाच्या हाती पाठवायची. गावातलं जे कोणी त्या वाटेने जाई ते एक गोटा ठेवी. तिथे कोणी बसत नाही, तिथे कोणी बोलत नाही.

"मग गावातल्यांनी काम अडवलं कसं नाही?" मी विचारलं. इतकं ऐकल्यावरही मला दुसरं डोकं शोधायचंच होतं.

"तुमी सर आहा," वहिनी म्हणाल्या. "तुमी यायले इचारूनच केलं असन, असं वाटलं लोकायले. यायनंच तं गावभर सांगतलं होतं, आमचे सर लय हुशार म्हनून."

भाऊ तेवढ्यात दारात येऊन उभे राहिले. त्यांनी शेवटचं ऐकलं असावं. ते वहिनींवर रागावले, आणि त्यांना रागावलेलं मी तेव्हाच प्रथम पाहिलं.

"कायले सांगतलं तुनं सराले?"

वहिनी आत निघून गेल्या. भाऊ माझ्या शेजारी खाटेवर बसले. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. इतक्या वर्षांत ज्या माणसाने माझा एक शब्द चुकवला नाही, त्याला मी एक साधा प्रश्न नीट विचारला नव्हता. विचारला तोही त्याच जागेवर, जिथे तो उत्तर देऊ शकत नव्हता.

"मी उद्याच फोडून टाकतो," मी म्हणालो. "सब्बल आणतो, माणसं आणतो."

"नोका जी. फोडलं त गोटेई फुटतीन."

"मग जेवढे निघतील तेवढे काढू. पुन्हा तसाच ढीग घालू."

भाऊंनी खाटेची सुटलेली दोरी बोटाने आत खोचली. मग बोलले ते अगदी साधेपणाने, एखाद्या पोराला दप्तर कुठे ठेवायचं सांगावं तसे. "मायनं ठेवलेले गोटे लहान लहान राहेत सर. तिच्या मुठीत बसतीन एवढे. खालच्या अंगाले होते सारे. मी वरतून ठेवत जाओ. मले समजे कोनते मायचे."

बारीक गोटे भरावात गेले होते. गवंड्याने मला दाखवून टाकले होते, बघा सर, आतून कसा ठोस होतो म्हणून. मी "शाब्बास" म्हणालो होतो.

आणि इथे माझ्या जिभेने पुन्हा घात केला. काहीतरी बोलून ही शांतता बुजवावी असं मला वाटलं. मी इंग्लंडचे बाक सांगू लागलो. तिथे मेलेल्या माणसांच्या नावाने बाक ठेवतात, त्यात अपमान नसतो, उलट लोक बसतात तेव्हा त्या माणसाची आठवण होते. आपणही त्या ओट्यावर एक चांगली पितळी पाटी लावू. भंडाऱ्यात पितळेचं काम तर घरोघर होतं. तुमच्या वडिलांचं नाव मोठ्या अक्षरात.

"नाव?" भाऊ म्हणाले. त्यांनी चष्मा काढून दुपट्ट्याने पुसला. ऑपरेशनचा डोळा अजून लाल होता. "तिथं नाव नाई घेत जी सर. मायनं कधी घेतलं नाई. नाव घेतलं त गेलेला मानूस मांगं वळून पाहाते, अन् त्याचं जानं होत नाई."

मी गप्प बसलो. आता कुठे बसलो, एवढंच.

निघताना ते पाळीपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "तुमी चांगल्यासाठीच केलं. मले मालूम आहे. मनाले लावून घेऊ नोका." ते खरंच तसं म्हणत होते. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी गेलो असतो आणि कधीतरी त्यांची सवय झाली असती. स्कूटर तुमसरच्या रस्त्याला लागेपर्यंत मी रडत होतो. वयाच्या पासष्टीला हेल्मेटच्या आत रडणं अवघड असतं, काच धुरकटते.

मी मंडळींचं जाणं बंद केलं. कारण खरं सांगितलं. पोस्टातले साहेब दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. बाण मात्र राहिले. मी रॉकेल आणि तारेची घासणी घेऊन दोन-चार पुसले, पण रंग चांगल्या प्रतीचा घेतला होता. आणि बाणांचा उपयोग आता दुसरे लोक करतात. कोणीतरी ओट्याचा फोटो मोबाइलवर टाकला. नागपूरचे, गोंदियाचे लोक मोटरसायकली घेऊन मागच्या वाटेने येतात. ओट्यावर बसतात. जाताना पाण्याच्या बाटल्या तिथेच टाकतात.

एप्रिलच्या सुरुवातीला मी पुन्हा गेलो. भाऊंकडे नाही, थेट वाटेला. त्या बाटल्या तरी उचलाव्यात म्हणून एक पोतं घेतलं होतं. सकाळचे सात वाजले असतील. मोह गळायला लागला होता, सगळ्या टेकडीला त्याचा गोड, जरा आंबूस वास होता. मी वळणावर पोचलो, पोतं भरायला घेतलं, आणि उजवीकडून दगड घरंगळल्याचा आवाज आला.

त्या बाजूला वाट नाही. पावसाळी नाल्याची नुसती घसरण आहे, वरून सुटलेल्या दगडांची, मध्ये बोरीच्या जाळ्या. बकऱ्यासुद्धा तिकडून जात नाहीत. त्या घसरणीवरून भाऊ चढत होते. डोक्यावर उपडी टोपली, डोळ्यांवर तोच काळा चष्मा. एक हात गुडघ्यावर दाबलेला, दुसऱ्याने समोरचा दगड धरलेला. दोन पावलं चढायचे, थांबायचे. एकदा पाय सुटला आणि ते हातभर खाली आले, टोपली पडली. ती उचलून पुन्हा डोक्यावर ठेवली. त्यांची झाडं माझ्या डोक्यावर, या वाटेने गेलं तर पाच मिनिटांवर होती. मोह सुरू झाल्यापासून ते रोजच तिकडून चढत असणार, कारण कुठे पाय द्यायचा हे त्यांना पाठ झालं होतं.

मी विसरलो की इथे बोलायचं नसतं. जोरात ओरडलो, "भाऊ, इकडून या. वाट आहे ना."

ते थांबले. मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आमच्यामध्ये बोरींचं अंतर होतं, वीसेक पावलांचं. त्यांना चांगलाच दम लागला होता, तरी त्यांनी तिकडून उत्तर दिलं, नेहमीच्याच आवाजात.

"मले इकडून बरं पडते जी सर. तुमी बसा थोडं तिथं. दमले असान."

आणि ते पुन्हा चढायला लागले. मी उभाच राहिलो.